माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर

३ सप्टेंबर

मेयरनी आज पुन्हा विषय काढला. चोंग आंटीचे डोळे अधू झाल्यापासून गावच्या ऑफिसात नोटरी नाही. एका शिक्क्यासाठी लोकांना पार राजधानीला, हगात्न्याला जावं लागतं, आणि तिथे पोचल्यावर कळतं की ओळखपत्र घरीच राहिलं. "सोली, तू हो ना नोटरी. नाहीतरी दिवसभर टेबलाशी बसलेलीच असतेस." बसलेली असते म्हणे. ह्यांच्या रहिवासी दाखल्यांची थप्पी काय आपोआप उतरते? मी नाही म्हणून टाकलं.

हे सकाळचं. संध्याकाळी अमेरिकेतून, टॅकोमाहून, बर्नादिताचा फोन आला. आधी तब्येतीचं विचारलं, मग कुत्र्याचं, आणि कुत्र्याची चौकशी तिने कधी केली नव्हती. "सोली, आता लग्न झालंय, घर झालंय. तासीसाठी खोलीपण आहे. मी तिला इकडे न्यायचं म्हणतेय." मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. लाल भात खाली लागला.

तासी माझी पोक्साई. पोटची नाही, वाढवलेली; मला आई म्हणते, बर्नादिताला मॉम. बर्नादिता माझी चुलत बहीण. तिने नाळ पडायच्या आधी पोर माझ्या हातात दिली आणि ती अमेरिकेला गेली. आमच्याकडे घरोघरी अशी एकतरी पोक्साई असते, त्याचा कागद कुणी करत नाही. शाळेची मोठी बाई माझी मामेबहीण, तिनेही कधी मागितला नाही.

पण कागद एक आहे. दोन नाताळांपूर्वी बर्नादिताने चॉकलेटच्या खोक्यात पाठवला होता. माझी मुलगी तासी हिचा सांभाळ मी कायमचा सोलेदाद तायमांग्लो हिच्याकडे सोपवते, खाली तिची सही. त्याच्या खाली नोटरीची चौकट, रिकामी. तेव्हा मी हसून तो खणात टाकला होता. आज काढून टेबलावर ठेवला आणि त्या चौकटीकडे बघत बसले.

तासीने विचारलं, "मॉमचा फोन होता? काय म्हणाली?"

"काही नाही. थंडी पडलीय म्हणाली."

सप्टेंबरात कसली थंडी. पण पोरगी तशीच आत गेली. गुणी आहे. उद्या मेयरना हो सांगते.

६ सप्टेंबर

नोटरी व्हायला लागतं ते असं. सज्ञान असणं, बेटावर राहणं, इंग्रजी लिहिता-वाचता येणं. पोलिसांकडून स्वच्छ असल्याचा दाखला. चारित्र्याची हमी देणारी भली माणसं. हमीचा बाँड. परीक्षा, मग शपथ, मग शिक्का. साधा शिक्का मारायला एवढं, आणि मूल वाढवायला कुणी काही विचारलं नाही. हे हसण्यासारखं आहे, पण मला हसू आलं नाही.

चारित्र्यासाठी चोंग आंटीकडे गेले. मोठ्या बायांना करतात तसा तिचा हात नाकाला लावला, "न्योरा" म्हटलं. ती ओट्यावर सुपारी चघळत बसली होती, पानाला चुना लावून माझ्याही हातावर ठेवला. तीस-एक वर्षं या गावचा प्रत्येक कागद तिच्या हाताखालून गेलेला.

"आता कसं सुचलं तुला?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी पाया पडत होते तर म्हणालीस, माझ्या डोक्याला ताप नको."

"लोकांची अडचण होते ना."

"लोकांची," ती म्हणाली आणि थुंकली. पण सही केली. मी बोट धरून ओळीवर ठेवलं, तिने नाव लिहिलं.

१५ सप्टेंबर

नियमांचं पुस्तक डोक्यात शिरत नाही. तासी प्रश्न विचारते, मी तितीयास लाटता लाटता उत्तरं देते. पोरीला भलताच उत्साह. माझ्याआधी तिचंच पाठ झालंय.

"सही करणारा कुठे पाहिजे?"

"नोटरीसमोर. प्रत्यक्ष हजर."

"फोनवर चालेल?"

"नाही."

"आणि त्याला कुणी जबरदस्तीने आणलं असेल तर?"

"तर शिक्का मारायचा नाही. आधी विचारायचं, स्वतःच्या मर्जीने करतोस का."

"लहान मुलांना विचारतात?"

"लहान मुलं सही करत नाहीत."

"पण विचारतात का?"

"पुस्तकात नाही."

तिने तिथे पेन्सिलीने खूण केली. वकील होणार बहुतेक. पहिली तितीयास करपली ती तिनेच खाल्ली.

प्रत्यक्ष हजर हे मला कळतं. पण ते परक्या माणसांसाठी. बर्नादिताला मी लंगोट बांधलेत, तिची सही मी अंधारात ओळखीन. ती तिथे बसून सही करो नाहीतर इथे, सही तिचीच आहे ना? असं मी स्वतःला समजावते. समजावावं लागतंय, हेही मला दिसतं.

२८ सप्टेंबर

परीक्षा झाली. खोली इतकी गार की बोटं आखडली. एक प्रश्न असा होता: ज्या कागदात नोटरीचा स्वतःचा फायदा आहे, त्यावर तिने शिक्का मारावा का? मारू नये. उत्तर बरोबर लिहिलं. पुढचे प्रश्न काय होते ते आठवत नाही.

बाहेर येऊन गाडीत बसून रडले. शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "बाई, पुन्हा बसता येतं परीक्षेला." मी मान हलवली. नापास झाले असते तर बरं झालं असतं.

९ ऑक्टोबर

वादळ. वीज नाही, पाणी नाही. नीरफणसाचं झाड शेजारच्यांच्या गाडीवर. तासी आणि मी न्हाणीघरात गादी टाकून पडलो, तिने माझा हात सोडला नाही. देवा, असंच राहू दे, असं म्हटलं. वादळ राहू दे असं नव्हतं म्हणायचं.

२१ ऑक्टोबर

शपथ झाली, शिक्का आला. दाबाचा आहे, कागदावर उमटतो आणि बोटाला लागतो. त्यावर माझं नाव. मेयरनी ऑफिसात डोनट आणले आणि भाषण केलं. गावाला आनंद झाला तो बरोब्बर पहिल्या दुपारपर्यंत.

मग बेनितो आला, आजीच्या जमिनीचा कागद घेऊन. आजी घरी झोपलेली.

"तिला घेऊन ये."

"तिचे गुडघे."

"मग मी येते जेवणाच्या सुट्टीत."

"सोली, तू तिच्या मांडीवर वाढलीस. तिची सही ओळखत नाहीस?"

"ओळखते. ती समोर पाहिजे."

"शिक्का नव्हता तेव्हा बरी होतीस."

बाहेर जाऊन त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की सोलीला आता आपली माणसं परकी झाली. दुपारी मी गेले. आजीने सही केली, बुन्येलोस खायला घातले, माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चोंगसारखीच खडूस झालीस, चांगलं आहे." त्या हाताने मला भाजल्यासारखं झालं. बेनितोला नियम शिकवणारी मी, आणि माझ्या खणात काय आहे ते मलाच माहीत.

२ नोव्हेंबर

सगळ्यांच्या कबरी धुऊन झाल्या, मेणबत्त्या लावल्या. आईच्या कबरीवरचं शेवाळ तासीने दात घासायच्या ब्रशने काढलं. तिथेच बर्नादिताचा निरोप आला. मारियाच्या सणाला, आठ डिसेंबरला, ती येतेय. जाताना तासीला नेणार. पासपोर्टला बापाची संमती लागते, तेवढी किंदोची सही घ्यायची. "तुझ्याच ऑफिसात घेऊ, तू आता नोटरी झालीस ना. तासी सांगत होती."

तासीने हिला कधी सांगितलं कुणास ठाऊक. नाताळच्या फोनात असेल. पण नाताळ कुठे आलाय अजून. डोकं चालत नाही माझं.

मी आईच्या कबरीला टेकून बसले. आईला म्हटलं, माझ्याकडे कुणी कधी काही मागितलं तर मी नाही म्हटलं नाही. तुझी उशी बदलली, बर्नादिताचं पोर घेतलं. एकदाच मला काहीतरी राहू दे. आजूबाजूला सगळे गप्पा मारत कोंबडी खात होते.

१७ नोव्हेंबर

आज रविवार. गाव सगळं बारशाला हॉलमध्ये. मी ऑफिस उघडलं, आतून कडी लावली, कागद शिक्क्याखाली ठेवला आणि दाबलं. आवाज इतका छोटा झाला.

मग तारीख. दोन नाताळांपूर्वीची घालायची असं ठरवलं होतं. पण शिक्क्यावर माझ्या नेमणुकीची मुदत कोरलेली आहे. तेव्हा मी नोटरीच नव्हते. आजची घालावी, तर आज बर्नादिता टॅकोमात, सकाळीच तिने नवऱ्याबरोबर भोपळ्याच्या शेतातला फोटो टाकलाय, आणि निम्म्या गावाने त्याला बदाम दिलाय. मी पेन धरून किती वेळ बसले माहीत नाही. तारखेची जागा तशीच ठेवली. कागद झग्यात खुपसून बारशाला गेले आणि केलाग्वेन खाल्लं. लोक म्हणाले, सोली, तोंड का उतरलंय. म्हटलं, मिरची लागली.

१८ नोव्हेंबर

राहवलं नाही. चोंग आंटीकडे गेले. म्हटलं, शिक्का नीट उमटतोय का बघ, आणि कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नाही, मला वाटलं नुसता शिक्का चाचपेल आणि बरा आहे म्हणेल. मला कुणाच्यातरी तोंडून बरा आहे एवढं ऐकायचं होतं.

तिने बोटं फिरवली. "चांगला दाबलायस. सही कुणाची?"

"बर्नादिताची."

"ती आली कधी?"

मी कागद परत घ्यायला हात पुढे केला.

"आणि पोर सोपवलीय ती कुणाच्या नावे?"

तिने कागदाची घडी केली, माझा हात शोधला आणि त्यात ठेवला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर सोपं गेलं असतं. "कोर्टात हा उघडला की आधी तुझा शिक्का जाईल. मग तुझ्यावर खटला. आणि मग पोर सांभाळायला ही बाई लायक नाही असं तेच म्हणतील, आणि तेव्हा त्यांचं खरं असेल."

"मग मी काय करू, आंटी? सांग ना. मी काय करू?"

"तासी काय म्हणते?"

"तिला अजून काही माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि नवी सुपारी तोंडात टाकली. निघताना माझ्या केसांवर हात ठेवला, तसा माझ्या आईच्या मयताला ठेवला होता.

मागच्या अंगणात तिच्या सुनेने कोंबडीसाठी निखारे केले होते. कागद त्यात टाकला. शिक्क्याची जागा सगळ्यात शेवटी जळली.

२८ नोव्हेंबर

किंदो आला होता, पोपटमासा घेऊन. तासीचा बाप. बोटीवर जातो, बोलतो कमी. लग्न नव्हतं झालं त्यांचं, पण पोरीच्या वाढदिवसाला मासा चुकत नाही. तो दारातच उभा राहिला.

"बर्नादिताने फोन केला. सही मागतेय. मी म्हटलं, वाढवलं सोलीने, सोली हो म्हणाली तर करतो, नाहीतर नाही."

माझा जीव भांड्यात पडला. इतके दिवस मी शिक्क्याच्या मागे धावले, आणि खरी सत्ता माझ्याकडे होतीच, कागदावर नाही तरी. मी नाही म्हटलं की झालं. किंदो सही करणार नाही, पासपोर्ट होणार नाही. माशाचा रस्सा केला, दोन वाट्या प्याले. तासी माळ्यावरून जुनी बॅग काढत होती. विचारलं तर म्हणाली, शाळेच्या नाटकाला पाहिजे. बॅगेवरची कोळिष्टकं मीच पुसून दिली.

८ डिसेंबर

बर्नादिता आली. अंगाने भरलीय, केस आखूड. विमानतळावर तासी तिच्याकडे धावली नाही. आधी माझ्याकडे बघितलं, मग गेली. मला तेवढं पुरलं. मिरवणुकीत तिघी एकत्र चाललो, तासी मधे, दोन्ही हात दोघींच्या हातात. लोक बघत होते.

९ डिसेंबर

सकाळी भांडी घासताना सांगून टाकलं. "किंदो सही करणार नाही. मी हो म्हणणार नाही."

मला वाटलं, भांडेल. ती ओल्या हातांनी खाली बसली. "सोली, मी मागितलंच नव्हतं. शप्पथ. मला तोंड नव्हतं मागायला. तासीने फोन केला. ऑगस्टमध्ये. म्हणाली, मॉम, मी येऊ का तुझ्याकडे. आणि आईला तूच सांग, माझ्याच्याने सांगवणार नाही."

"थापा मारू नकोस."

"तिला विचार."

मी विचारलं नाही. तासी बाहेर कुत्र्याला आंघोळ घालत होती. पुस्तकातली पेन्सिलीची खूण, बॅग, काय म्हणाली मॉम असं विचारणं, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं, आणि तरी मी स्वतःला सांगितलं की बर्नादिताला लहानपणापासून खोटं बोलायची सवय आहे. नाही म्हणणार. उद्या किंदोसमोर नाही म्हणणार.

१० डिसेंबर

हे नीट लिहून ठेवते.

सगळे माझ्या टेबलाशी आले. किंदोने धुतलेला शर्ट घातला होता. बर्नादिता भिंतीशी. तासी शाळेच्या गणवेशात, दाराजवळ. मी किंदोचं ओळखपत्र मागितलं. तो म्हणाला, "सोली, तू ओळखतेस मला." मी म्हटलं, तरी दाखव. त्याने दाखवलं, त्यावर त्याचं पूर्ण नाव, जोआकिन.

पासपोर्टच्या संमतीचा कागद त्याच्यापुढे ठेवला. त्याने पेन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. "काय करू? तू सांग."

याच क्षणासाठी मी बारा दिवस जगले होते. नाही एवढंच म्हणायचं. पण त्या खुर्चीत बसून मला ते म्हणता येईना. सही करणाऱ्याला काय कर ते नोटरीने सांगायचं नसतं, फक्त विचारायचं असतं. खुर्चीतून उठून, टेबलाला वळसा घालून नुसती सोली म्हणून नाही म्हणता आलं असतं. मी उठायला टेबलावर हात टेकलेसुद्धा.

"माझ्याकडे बघू नकोस," मी म्हटलं. "जोआकिन, या कागदात काय लिहिलंय ते तुला कळलंय का?"

"कळलंय."

"तू स्वतःच्या मर्जीने सही करतोयस का?"

त्याने मान वळवून दाराकडे बघितलं, आणि मग मीही बघितलं. नाही बघायला हवं होतं, पण बघितलं.

"हो," तासी म्हणाली.

तिला कुणी विचारलं नव्हतं. इतके महिने कुणीच विचारलं नव्हतं. तिने नजर खाली केली नाही, सरळ माझ्याकडे बघत पुन्हा म्हणाली, "हो, आई."

किंदो म्हणाला, "मर्जीने," आणि सही केली.

मी टेकलेले हात उचलले. पहिला शिक्का वाकडा आला, नाव धड वाचता येईना. नियम आहे, स्पष्ट नसेल तर शेजारी पुन्हा मारायचा. मी पुन्हा मारला.

बर्नादिता तोंड झाकून बाहेर गेली, किंदो तिच्या मागून. तासी जवळ आली. रोज शाळेला जाताना करते तसं माझा हात उचलून नाकाला लावला, आणि सोडला नाही.

"का?" मी विचारलं.

तिने खूप विचार केला. "मॉम येते तेव्हा नेहमी सण असतो. ती सकाळी उठल्यावर कशी असते ते मला बघायचंय. तू कशी असतेस ते मला माहितीय."

"कशी असते मी?"

"आधी चिडतेस. मग तितीयास करतेस."

मी तिला शाळेत सोडून आले. ऑफिसात तीन माणसं दाखल्यासाठी थांबली होती, त्यांचे दाखले केले.

किंदोच्या कागदावर मी लिहिलंय की तो माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर होता, मी त्याची ओळख पटवली, आणि त्याने स्वतःच्या मर्जीने सही केली. तासीचं नाव त्यात एकदाच येतं, ज्याच्याविषयी हा कागद आहे ते मूल म्हणून. ती हजर होती हे लिहायला तिथे जागा नाही. म्हणून इथे लिहिते.

आज दहा डिसेंबरला तासी माझ्यासमोर प्रत्यक्ष हजर होती. मी तिला ओळखते असं मी आजवर धरून चालले होते. तिने जे सांगितलं ते समजून-उमजून आणि स्वतःच्या मर्जीने सांगितलं, तिच्यावर कुणाचीही जबरदस्ती नव्हती. माझीसुद्धा नव्हती.

सोलेदाद तायमांग्लो